काळ्या फौजेतला हेमराज

हेमराज धकातेला बसल्या जागी हरवून जायची सवय लहानपणापासून होती. नागपूरच्या तांडापेठेतल्या घरात आधी त्याचे वडील मागावर बसायचे, मग तो बसायला लागला. हात धोटा फेकत राहायचे आणि डोळे खिडकीबाहेरच्या उन्हावर टेकलेले असायचे. पुष्पलता लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीला घाबरलीच होती. तिने सासूला हळूच विचारलं, "हे असे काहून पाहून राहिले जी? काही बाधा तर नाही ना?"

सासू हसली. "काही नाही वं. त्याले सपन पडते. फक्त तो झोपत नाही."

पुढे माग बंद पडत गेले. मोहल्ल्यातल्या कुणी ऑटो घेतला, कुणी कळमेश्वरच्या कारखान्यात लागला. हेमराज सदरमधल्या साड्यांच्या एका मोठ्या दुकानात वॉचमन झाला. निळा गणवेश, काचेचं दार आणि दिवसभर उभं राहणं. रस्त्यावरून गाड्या जात, सिग्नल लाल होई, हिरवा होई, आणि हेमराज त्या सगळ्याच्या पलीकडे कुठेतरी बघत असे. गिऱ्हाईक आलं की मात्र दार बरोबर उघडायचा. पन्नाशी ओलांडली तसे गाल आत गेले, डोळे आणखी खोल झाले. उंच, हाडकुळा, शांत माणूस.

या चेहऱ्यावर गौरांगची नजर पडली. गौरांग नागपूरचाच तरुण मुलगा, सिनेमावाल्यांना गर्दीसाठी माणसं गोळा करून द्यायचा. फेट्यांसाठी कापड बघायला तो दुकानात आला आणि दारातच थांबला.

"काका, पिक्चरमधी काम करता का? लढाईचा पिक्चर आहे. भल्ला मोठा. रामटेककडं सेट लागला."

"मी काय करन गा पिक्चरमधी?"

"काही नाही. तुमचा चेहरा पाहिजे फक्त."

"माह्या चेहऱ्यात काय आहे?"

गौरांग जरा घुटमळला. "काही न करता भेव वाटते, काका," तो म्हणाला आणि लगेच हसला, म्हणून हेमराजही हसला. शेठने आठवड्याची रजा दिली.

पहाटेच्या बसने माणसं रामटेककडे निघाली. धान कापून झालं होतं. मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, धुकं साचलं होतं आणि त्या धुक्यातून एक किल्ला वर आला होता. जवळ गेल्यावर कळलं, तो प्लायवूडचा आहे. पुढून बुरूज, मागून बांबूचे टेकू. पण लांबून, गडावरची देवळं पाठीशी घेऊन उभा असलेला तो किल्ला इतका खरा वाटत होता की हेमराज बसमधून उतरल्यावर तिथेच उभा राहिला. कुणीतरी ढकललं तेव्हा पुढे सरकला.

दोन तंबू होते. एका तंबूत केशरी-पिवळे फेटे आणि चकचकीत चिलखतं. ती आपली फौज. दुसऱ्या तंबूत काळे अंगरखे, काळी फडकी, डोळ्यांत घालायला काजळ आणि दातांना लावायला काळं काहीतरी. ती डोंगरापलीकडून आलेल्या शत्रूची फौज. मध्ये एक पोरगी उभी राहून माणसांची वाटणी करत होती. भरलेला गाल, मोठी मिशी, रुंद छाती तिकडे. बसलेला गाल, वाकलेली पाठ, पडलेला दात इकडे. हेमराजला तिने नीट पाहिलंसुद्धा नाही. "काळे," म्हणाली.

काळ्या फौजेला जेवणाचा एक प्रसंग होता. मांसाचे तुकडे समोर टाकले आणि सांगितलं, जनावरासारखं खा, फाडून खा. हेमराजला ते जमेना. तो घास लहान घ्यायचा, चावून खायचा. त्याला मागे बसवलं. पण मरायची वेळ आली तेव्हा साऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बाकीचे धाडकन पडत, कुणी हसत, कुणी पडताना हात टेकत. हेमराज घडी उलगडून साडी खाली यावी तसा अलगद खाली यायचा. एक गुडघा, मग कंबर, मग खांदा. "याला पुढे घ्या," असं कुणीतरी भोंग्यातून ओरडलं.

आणि एकदा पडलं की उठायचं नाही. कॅमेरा लांबून फिरत राही, धूर सोडला जाई, घोडे इकडून तिकडे जात. मेलेल्यांनी फक्त पडून राहायचं. हेमराजला हे काम इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. दिवसाउजेडी आडवं व्हायला त्याला कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं. पाठीखाली तणसाचा ऊबदार थर, वर धुराचे निळे पडदे, त्यातून मध्येच उघडणारं आभाळ. लांबून ढोल ऐकू येत होते. आपण खरंच कुठल्यातरी जुन्या काळात येऊन पडलो आहोत, सगळं होऊन गेलं आहे, आता कुणी काही मागणार नाही, असं त्याला वाटत राही.

शेजारून कुजबुज आली. "काहो भाऊ, मेले का?"

"मेलो," हेमराज ओठ न हलवता म्हणाला. "तुम्ही?"

"मी त जिंकून राहिलो म्हणे. पण सकाळच्या लढाईत मेलो होतो, म्हणून इथंच पडून राहा म्हणते."

बोलणारा केशरी फेट्यातला, झुबकेदार मिशांचा माणूस होता. महादेवराव नाव. जवळच्याच गावचा शेतकरी.

"जागा मस्त आहे," हेमराज म्हणाला.

"माहीच बांधी आहे. भाड्यानं देल्ली यायले. पडा, पडा, आरामात पडा."

दोघांचं हसू फुटलं आणि मेलेली पोटं हलायला लागली. वरून कुणीतरी ओरडलं, "डेड बॉडी हिलो मत!" मग दोघं शांत पडून राहिले. रोज जागा शेजारीच यायला लागली. महादेवराव सांगायचा, यंदा धान कसं झालं, बायको गोपिका कशी सिनेमाची शौकीन आहे. हेमराज मागाबद्दल सांगायचा. आपली फौज आणि शत्रूची फौज एकाच मांडवात जेवायची, तेव्हा महादेवराव त्याच्यासाठी जागा धरून ठेवायचा.

शेवटच्या दिवशी हेमराजला एकट्याला बोलावलं. गवताची एक झोपडी पेटवायची होती आणि ती जळताना शत्रूचा एक शिपाई हसतो, एवढंच दाखवायचं होतं. दिग्दर्शक स्वतः समोर येऊन हिंदीत समजावत होता. गाव जळतंय, बायका रडतायत, तुला मजा येतेय, हस. हेमराज हसला तर ते ओशाळलेलं हसू निघालं. पुन्हा, पुन्हा. ऊन उतरायला लागलं. दिग्दर्शक कंटाळला. "छोड़ो. हँसो मत. बस, आग को देखो."

हेमराजने आगीकडे पाहिलं. ज्वाळांच्या वर हवा थरथरत होती आणि त्या थरथरत्या हवेपलीकडे, लांबच्या ओल्या बांधीतून बगळ्यांचा एक थवा उठला. उष्ण हवेत त्यांचे पंख विरघळल्यासारखे व्हायचे आणि परत जुळून यायचे. पांढरे बगळे मावळतीच्या उजेडात गुलाबी होत गेले. हेमराजचे ओठ किंचित उघडले. आपण कुठे आहोत हे तो विसरला. चेहऱ्यावर ते जुनं, मागावरचं हसू आलं.

"बहुत खूब!" दिग्दर्शक ओरडला आणि त्याने येऊन हेमराजला मिठी मारली.

घरी आल्यावर कितीतरी दिवस हेमराज पुष्पलताला त्या बगळ्यांबद्दल सांगत होता. "तसे बगळे पदरावर काढता आले असते ना, पुष्पा..." ती म्हणायची, "पिक्चरमधी दिसतीनच ना."

वर्ष उलटून गेलं. पावसाळ्यात सिनेमा आला. सदरच्या टॉकीजबाहेर ढोल वाजत होते. गळ्यात दुपट्टे घातलेल्या काही माणसांनी पहिल्या आठवड्याचे जवळपास सगळे खेळ विकत घेऊन फुकट पासेस वाटले होते. सिनेमा सुरू व्हायच्या आधी त्यांच्यातला एक पडद्यासमोर उभा राहून बोलला, "ही करमणूक नाही. हा आपला इतिहास आहे. लेकरांना दाखवा, शत्रू कसा असतो ते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेमराजने आणि पुष्पलताने पण वाजवल्या.

आणि सिनेमा होताही तसाच. प्लायवूडचा किल्ला आता आभाळाला भिडला होता. हजारो माणसांची फौज क्षितिजापर्यंत पसरली होती, कारण संगणकाने एकेका माणसाची शंभर माणसं केली होती. बाणांनी सूर्य झाकला. आपला राजा घोड्यावरून बोलायला लागला तसा हेमराजच्या अंगावर काटा आला. तो स्वतः त्या मातीत लोळला होता, भाले रबराचे आहेत हे त्याला ठाऊक होतं, तरी काटा आला. पुष्पलताने डोळे पुसले.

मग गाव जळायला लागलं. खाटेखाली लपलेली एक मुलगी रडत होती. एका बाईच्या बांगड्या फुटल्या. ढोल एकदम थांबला, आणि भिंतीएवढे दोन डोळे पडद्यावर आले. काजळ घातलेले, खोल, लालसर. त्या डोळ्यांनी जळतं गाव पाहिलं, मुलीला पाहिलं, आणि त्यांच्या खालचे ओठ हळूच, सुखाने उघडले.

टॉकीजभर एक फूत्कार उठला. "मार साल्याले!" मागून कुणीतरी ओरडलं. शिव्यांचा पाऊस पडला.

हेमराजला आधी ओळखच पटली नाही. मग तो पडद्यावर इकडेतिकडे शोधायला लागला. ज्वाळांच्या वर, डाव्या बाजूला, आता उठतील. पण तिथे नुसता काळा धूर होता. पुष्पलताने त्याचा हात धरला.

"हे... ते बगळे पाहतानाचं आहे ना?"

"हो."

"मंग बगळे कुठी गेले?"

हेमराज अजून धुरातच शोधत होता. पुढे पडद्यावर त्याच्या छातीत भाला घुसला. भाला मारणारा महादेवराव होता. ते तर वेगळ्याच दिवशी, वेगळ्याच जागी घेतलं होतं. त्या दिवशी महादेवरावाने एका पोत्यात भाला खुपसला होता, एवढं हेमराजला आठवत होतं. इथे मात्र तो हेमराजकडे बघून गर्जत होता. लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचले.

सिनेमा सुटल्यावर बाहेरच्या दालनात कुणीतरी ओळखलं. "अबे, हा तोच ना बे!" क्षणात घेर पडला. पोरं आनंदात होती, त्यांच्यात राग नव्हता. कुणी खांद्यावर हात टाकून फोटो काढला, कुणी म्हणालं, "काका, तसे पाहा ना एकदा." हेमराजला तसं पाहता येईना. मग एकजण म्हणाला, "काका, तुम्ही मरून दाखवा. एकच फोटो." हेमराज कुणाचं मन मोडणारा नव्हता. तो खाली आला, एक गुडघा, कंबर, खांदा, आणि त्या थंड फरशीवर आडवा झाला. कुणीतरी त्याच्या छातीवर बूट ठेवला. घोषणा सुरू झाल्या. मोबाईलचे दिवे चमकायला लागले.

पुष्पलता पाणी आणायला गेली होती. ती गर्दीतून वाट काढत आली आणि बूट ठेवलेल्या मुलासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"पाय काढ, बाबू. माहा माणूस आहे तो."

मुलाने पाय काढला. तिने नवऱ्याला उठवलं, शर्टावरची माती झटकली आणि ऑटो थांबवला.

त्यानंतर दुकानावर लोक फोटो काढायला येऊ लागले. शेठला आधी बरं वाटलं, कारण गर्दी वाढली. पण दारात उभ्या हेमराजला पाहून एका लहान मुलीने आकांत मांडला आणि तिची आई साडी न घेताच निघून गेली. शेठ वाईट माणूस नव्हता. जवळ येऊन म्हणाला, "धकाते, थोडे दिवस खाली पाहत जा. बाया दचकतात."

हेमराज खाली पाहू लागला. दुकानात पायरीकडे, रस्त्यात डांबराकडे. घरी तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. पुष्पलता चहा ठेवून जायची आणि परत येऊन पाही तर चहावर साय धरलेली. पूर्वीही तो चहा विसरायचा, पण तेव्हा तो कुठेतरी गेलेला असायचा. आता तो कुठेही जात नव्हता. आपल्या डोळ्यांत आपल्याला न कळता काय येतं याचीच त्याला भीती बसली होती.

स्वातंत्र्यदिनानंतर महादेवरावाचा फोन आला. "शाळेनं झेंड्याले बोलावलं होतं, भाऊ. मले म्हणे, वीर. शाल देल्ली. मी म्हटलं, गुरुजी, भाला रबराचा होता. तर ते म्हणे, पाहा मुलांनो, किती नम्रता आहे."

हेमराज बऱ्याच दिवसांनी हसला. मग म्हणाला, "माहा बडग्या बनून राहिला."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बायांचे दोन पुतळे, पुढे, आणि मागे मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे, म्हणजे त्या वर्षी जे वाईट वाटलं त्याचे मोठाले पुतळे. रोगराई, महागाई, जे असेल ते घेऊन जा गे मारबत, म्हणत लोक नाचतात आणि शेवटी पुतळे जाळतात. यंदा मोहल्ल्याच्या मंडळाने बडग्यासाठी सिनेमातला तो काळा शिपाई ठरवला होता. पुतळे बनवणारा बाबाराव हेमराजच्या गल्लीतला, लहानपणापासूनचा ओळखीचा. तो फोनच्या आदल्याच दिवशी सांगायला घरी आला होता.

"वाईट नका वाटून घेऊ, हेमराजभाऊ. पब्लिकले तोच पाहिजे."

पुष्पलता आतून आली. "जित्या माणसाचा बडग्या करते का गा कोणी?"

"माणसाचा नाही, वहिनी. त्या राक्षसाचा."

"मंग राक्षसाचा चेहरा लाव."

बाबाराव पायांकडे बघत राहिला. "त्याले चेहराच हा देल्ला ना त्यायनं," तो म्हणाला.

"बनू दे," भिंतीकडून हेमराजचा आवाज आला.

मारबतीच्या दिवशी महादेवराव रामटेकच्या बसने येऊन दारात उभा राहिला. "चला, पाहू तरी," म्हणाला. दोघं गर्दीत शिरले. ढोलांचा आवाज छातीत घुमत होता, गुलाल उडत होता, माणसांचा पूर रस्ताभर वाहत होता. हेमराजला वाटलं, आपण पुन्हा त्या धुरात आलो आहोत. दुमजली घराएवढा बडग्या डुलत पुढे चालला होता. काळा अंगरखा, हातात मशाल, आणि वर हेमराजचा चेहरा. लोक खालून चपला फेकत होते. खऱ्या हेमराजकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण तो खाली मान घालून चालत होता.

शेजारच्या एका तरुणाने आपली चप्पल काढून त्याच्या हातात दिली. "घ्या काका, मारा एक तुम्हीबी."

हेमराज ती चप्पल हातात धरून उभा राहिला. काय करायचं ते त्याला कळेना. महादेवरावाने ती त्याच्या हातातून घेतली, वाकून त्या तरुणाच्या पायापाशी ठेवली आणि म्हणाला, "घाल पायात. डांबर तापलं आहे."

पुतळा पेटला तेव्हा बांबू फटाफट फुटले. कागदाचा चेहरा आधी पिवळा झाला, मग मध्येच भोक पडलं आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसलं. हेमराज मान वर करून शेवटपर्यंत बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायला त्या गर्दीत एकटा महादेवराव होता.

"धान निघालं की वहिनीले घेऊन घरी या," परतताना महादेवराव म्हणाला. मग थांबून म्हणाला, "फक्त... गोपिका थोडी भेते. तो पिक्चर तिनं पुन्हा पुन्हा पाह्यला."

दिवाळीनंतर ते गेले. अंगणात नव्या धानाचा वास होता. गोपिकाने पुष्पलताला हाताला धरून आत नेलं, पण स्वतः बाहेर काही येईना. पाणी महादेवरावानेच आणलं. चुलीपाशी तिने पुष्पलताला विचारलं, "घरी रागावते का हो लई?"

"कोण? हे?" पुष्पलता म्हणाली. "यायले राग आला का नाही हे मलेच दुसऱ्या दिवशी कळते." आणि मग तिने गोपिकाला सगळं सांगितलं, झोपडीचं, दिग्दर्शकाचं, बगळ्यांचं. गोपिका भाकरी थापायची थांबली.

पानं वाढली तेव्हा गोपिका स्वतः वाढायला आली. हेमराज ताटात नजर रोवून लहान लहान घास घेत होता. तिने भातावर वरण घातलं, तूप घातलं आणि तिथेच उभी राहिली.

"भाऊजी, मी तुम्हाले टॉकीजमधी भल्ल्या शिव्या देल्ल्या."

"आयकू आल्या," हेमराज ताटाकडे बघतच म्हणाला.

मग महादेवरावाला ठसका लागला, गोपिका पदराने तोंड झाकून हसायला लागली, आणि हसणं थांबेना. हेमराजने मान वर केली. गोपिकाने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आणखी एक डाव भात घातला.

दारात गावातली पोरं जमली होती. सिनेमातला माणूस आलाय हे कुणीतरी पसरवलं होतं. "या ना रे आत," गोपिका म्हणाली, पण एकही पाऊल पुढे पडेना. ती एकमेकांना ढकलत होती. शेवटी एक वेणीवाली मुलगी उंबरा ओलांडून आली, हेमराजच्या कोपराला बोट लावलं आणि ओरडत पळाली. अंगणाच्या टोकाला जाऊन थांबली. तिथून थोडा वेळ बघत राहिली, आणि मग हळूहळू परत यायला लागली.